एका खर्ऱ्याचे दोन पुडे

मंडईच्या दिवशी आमच्या गावात एकाच घराला कुलूप दिसायचं, ते आमचं. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि रात्री जवळच्या वडशाच्या एखाद्या नाटक कंपनीचं नाटक. गावात मंडई असली की प्रत्येक घरी पाहुणे येतात, कुणी बोलावून, कुणी न बोलावता. आलेल्या माणसाला जेवल्याशिवाय नाटकाच्या मंडपात जाऊ द्यायचं नाही, ही रीत. एका वर्षी आमच्याकडे पाहुणे जास्त झाले आणि सामान कमी पडलं. शेवटच्या तिघांच्या पानात मायनं नुसता भात आणि पाणी घालून वाढवलेलं वरण वाढलं. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं जेवता जेवता "वरण चांगलं झालं" असं म्हटलं आणि माय आत जाऊन चुलीपाशी बसली ती बाहेरच आली नाही. पुढची तीन वर्षं मंडईच्या आदल्या दिवशी आम्ही चौघं, माय, बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ दिनू, दाराला कुलूप लावून पोंभुर्ण्याला मामाकडे जायचो. आजी आजारी आहे असं गावात सांगायचो. आजी ठणठणीत होती. शेजारची कौसाबाई कुंपणापलीकडून मायला म्हणायची, "सरूबाई, तुमची बुढी दरसाल मंडईलेच बिमार पडते काय वं?" माय हसायची, पण दिवसभर मग आमच्याशी बोलायची नाही.

चौथ्या वर्षी तेंदूपत्त्याच्या हंगामात मायनं सांगून टाकलं की या मंडईला आपण घरी राहायचं. आम्ही तेव्हा अंगणात पुडे बांधत बसलो होतो. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अंधार असताना जंगलात जायचं, ऊन चढेपर्यंत तेंदूची पानं तोडायची, गाठोडं डोक्यावर घेऊन घरी यायचं आणि मग सगळ्या घरानं मिळून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे. संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे गावाबाहेर पानं वाळत घालतात त्या मोकळ्या जागेवर, नेऊन द्यायचे. तिथे मुनशी शेकड्यानं मोजून घेतो. अंगणात त्या दिवसांत बोलणं कमी आणि पानांची सळसळ जास्त. मधेच कुणाचा तरी आकडा ऐकू यायचा, "बासष्ट, त्रेसष्ट", आणि कुणी मधे बोललं तर तो माणूस चिडून पुन्हा एकपासून सुरू करायचा. बोटं काळी पडायची आणि भाकरीलाही पानांचा वास यायचा. त्या वर्षी तेरा दिवसांत आमच्या घरानं तीन हजार सहाशे चाळीस पुडे दिले. शेकड्याला पन्नास रुपये दर होता. एकूण अठराशे वीस रुपये झाले. हे आकडे मला वही न बघता आठवतात.

बाबा वडशाच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायचे, पण पावसाळ्यात मिल बंद. रोवणीची, म्हणजे भातलावणीची, मजुरी मिळायची तीही तांदळात. त्यामुळे जूनपासून दिवाळीपर्यंत रोख पैसा म्हणजे हे अठराशे वीस. बियाणं, खत आणि आमची शाळा यांचे आठशे ऐंशी गेले. उरले नऊशे चाळीस. मंडईला तीनशे लागतील असा मायचा अंदाज होता. राहिलेल्या सहाशे चाळीसला मी बावीस आठवड्यांनी भागलं आणि आठवड्याला एकोणतीस रुपये असं पाटीवर लिहून दाराशेजारी टेकवून ठेवलं. मी चौदा वर्षांची होते, गणितात पहिली यायचे आणि मला वाटलं, झालं काम.

आठव्या दिवशी माझी रोजच्या खर्चाची वही बंद पडली. बाबांना विचारलं, "आज किती खर्च झाला?" तर ते म्हणायचे, "झाले बाप्पा पाच-सात रुपये." पाच की सात? "तू काय मुनशी लागून गेली काय माही?" माय तेलाचा भाव सांगायची तर मिठाचा विसरायची. कुणी खोटं बोलत नव्हतं, कुणाला त्यात मजाच येत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही येईनाशी झाली. एकोणतीस या आकड्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. माझा मुलगा आज नोकरी करतो आणि फोनवर घरखर्चाचा हिशेब ठेवतो. ठेवतो म्हणजे दर जानेवारीत सुरू करतो. यंदा एकोणीस दिवस टिकला. मी त्याला बोलत नाही, कारण मी आठच दिवस टिकले होते.

वही परत उघडली ती दिनूमुळे. शनिवारच्या बाजारात गारीगारवाला येऊन उभा राहिला आणि दिनूनं रुपयासाठी भोकाड पसरलं. मी त्याला सहज म्हटलं, "रुपया म्हणजे दोन पुडे. एकशे चाळीस पानं. तोडशील काय?"

दिनूचं रडणं थांबलं. तो नऊ वर्षांचा होता आणि त्या हंगामात पहिल्यांदाच पुडे बांधायला शिकला होता. त्याचे ढिले पुडे मुनशीनं दोनदा परत पाठवले होते. त्यानं स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "एका गारीगारचे एकशे चाळीस?"

"हाव."

"मंग मले नाई पायजे," तो म्हणाला, आणि दोन पावलं पुढे जाऊन परत आला. "अर्धं भेटते काय?"

घरी आल्यावर त्यानं हे बाबांना सांगितलं. बाबा तेव्हा ओसरीवर बसून प्लास्टिकच्या तुकड्यात सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला खर्रा तळहातावर चोळत होते. खर्रा रुपयाला मिळायचा आणि दिवसाला दोन लागायचे. दिनूनं विचारलं, "बाबा, हा किती पुड्याचा?" बाबा म्हणाले, "दोन." मग त्यांनी स्वतःच पुढचं मनातल्या मनात केलं असावं, कारण खर्रा चोळणारा अंगठा थांबला. मी मात्र मोठ्यानं केलं. दिवसाचे चार पुडे, आठवड्याचे अठ्ठावीस, आणि आपल्याकडे आठवड्याचे आहेत अठ्ठावन्न. माय आतून म्हणाली, "म्हन्जे मी तेरा दिवस कंबर मोडली त्यातली अर्धी तुम्ही थुकून राह्यले."

बाबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच खर्रा घेतला, त्याचे दोन भाग केले आणि संध्याकाळी मला म्हणाले, "लिव, दोन पुडे वाचले."

त्या दिवसापासून आमच्या घरात रुपया कुणी बोलेना. सगळं पुड्यांत. अर्धा किलो तेल बत्तीस पुडे, काडेपेटी एक, रॉकेल चौदा. माय दुकानातून आली की दारातूनच आकडा ओरडायची, कारण तिला तो विसरायच्या आत माझ्या वहीत गेलेला हवा असायचा. दुकानदारानं एकदा साखरेचा भाव सांगितला तेव्हा ती त्याला म्हणाली, "अठ्ठावीस पुड्याची साखर कोन घेईन भाऊ?" आणि तो बिचारा इकडेतिकडे पाहत राहिला. शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी आठवड्याची बेरीज व्हायची. अठ्ठावन्नाच्या आत असलो तर दिनू ताट वाजवायचा. जुलैच्या पाच आठवड्यांपैकी चार वेळा ताट वाजलं. मला शाळेतून घरी पळत यावंसं वाटायचं, आज कुणी काय वाचवलं ते ऐकायला. मंडईचे सहाशे पुडे लोखंडी पेटीत तळाशी, मायच्या लग्नाच्या लुगड्याखाली होते आणि त्यांना कुणी हात लावला नव्हता.

ऑगस्टमध्ये मामा आला. पोंभुर्ण्याहून मूलमार्गे दोन गाड्या बदलून, भर पावसात. खांद्यावर पोतं, त्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मायला आवडतात म्हणून सोलून आणलेले. मायनं त्याला पाहिलं आणि तिच्या अंगात वारं शिरलं. भजी तळली, चहात साखर घातली ती चमच्यानं नाही, मुठीनं. मामा आला की तीन दिवस राहायचा आणि ते तीन दिवस घर हसत असायचं. मी पण हसत होते. पण शनिवार होता. संध्याकाळी मी वही काढली आणि जे झालं ते लिहिलं. साखर सात, बेसन सोळा, तेल आठ. एकूण एकतीस. आठवड्याची बेरीज एकोणऐंशीवर गेली. खाली मी लिहिलं, "मामा आल्यामुळे आठवडा बिघडला." त्याच्याखाली रेघ मारली. नीटनेटकेपणासाठी मी प्रत्येक चुकीच्या आठवड्याचं कारण लिहून रेघ मारत असे. वही खुंटीला अडकवली आणि विहिरीवर गेले.

परत आले तेव्हा मामाच्या हातात वही होती. त्याला वाचायची सवय होती, हाती आलेलं काहीही वाचायचा, अगदी पुडीचा कागदसुद्धा. त्यानं वही मिटली, खुंटीला परत लावली आणि मला म्हणाला, "अक्षर मस्त हाय तुहं, मंगले." मग मायला म्हणाला, "सरू, मी निंगतो. मूलमंदी एका मानसाले भेटाचं हाय."

"आत्ता? दादा, भात टाकला मी."

"येईन ना मंग."

तो सहाच्या गाडीनं गेला. माय त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेली आणि परत आल्यावर तिनं मला वही वाचायला लावली. ती शाळेत गेलेली नव्हती. मी शेवटची ओळ गाळून वाचली. दिनू म्हणाला, "अजून एक रेघवाली हाय ना." मग मला तीही वाचावी लागली. माय रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "खरं लिवलं तू," आणि भाताखालचं लाकूड ओढून विझवलं.

त्यानंतर मायनं आकडे सांगणं सोडलं. विचारलं तर म्हणायची, "लिव ना तुह्या मनानं." बाबांचे खर्रे पुन्हा दोन झाले. ताट वाजायचं बंद झालं. तीन शनिवार वहीत नुसती तारीख आहे. लुगड्याखालच्या पैशांतून मायनं एकदा चाळीस रुपये काढले, कशासाठी ते सांगितलं नाही. आणि एकदा कौसाबाईला मी कुंपणाजवळून ऐकलं, "मंग यंदा बी बुढी बिमार काय?" माय म्हणाली, "पाहू."

त्या "पाहू"नं मला झोप येईना. मी वही पहिल्या पानापासून तपासायला घेतली. गणितात उत्तर चुकलं की मी तेच करायचे. बेरजा बरोबर होत्या. दुसऱ्यांदा तपासताना मामाच्या पानावर आले आणि माझ्या लक्षात आलं की वास्ते कुठेच लिहिलेले नाहीत. साखर आहे, बेसन आहे, तेल आहे, आणि जे पोतं तो दोन गाड्यांतून भिजत घेऊन आला ते नाही. दोन महिन्यांची वही आणि तिला एकच बाजू. गेलेलं सगळं, आलेलं काहीच नाही. मुनशीनं असा हिशेब केला असता तर आम्ही त्याला फळीवरून हाकलून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी माय धानाच्या शेतात निंदण करत होती. मी वही घेऊन तिथेच गेले. "माय, मामानं वास्ते किती आणले होते?"

"तुले काय कराचं हाय?"

"लिवाचं हाय. आलं त्या बाजूले."

तिनं माझ्याकडे न बघता दोन मुठी गवत उपटलं. "पायलीभर असतीन. सोललेले." थोड्या वेळानं म्हणाली, "त्याच्या आंधी जेठात त्यानं चारोळी पाठोली होती. तेही लिव." मी लिहिलं. "कौसाबाईनं दिनूले गोवर आला तवा रोज ताक देल्लं. बारा दिवस." तेही लिहिलं. माय गवत काढत पुढे सरकत होती आणि मी चिखलातून तिच्यामागे. ती बोलायला लागली तशी थांबेचना. कुणाच्या वेलाची काकडी, कुणी दिलेलं रोप, कुणी बैलजोडी अर्ध्या दिवसासाठी दिली आणि काही मागितलं नाही. लिहिता न येणाऱ्या माझ्या मायच्या डोक्यात सगळं ओळीनं लावलेलं होतं. सहा पानं भरली. मग मी तिला मंडईचं विचारलं. तीन वर्षं, चार माणसं, तीन दिवस, दोन वेळा. मी गुणाकार केला आणि म्हटलं, "मामाच्या घरी आपली बहात्तर जेवणं झाली."

माय उभी राहिली. कमरेवर चिखलाचा हात ठेवून तिनं विचारलं, "याचे पुडे किती होतीन?" मी पेन्सिल लावली. ती लगेच म्हणाली, "राहू दे. बहात्तरच ठेव."

पुन्हा वही सुरू झाली, आणि या वेळी मला कुणाच्या मागे लागावं लागलं नाही. माय शेतातून यायची ती डाव्या पानावरचं, म्हणजे आलेलं, सांगत यायची, मग उजव्या पानावरचं आपोआप निघायचं. बाबा म्हणाले, "माह्या बी बाजूनं लिव, मिलवाल्या भाऊनं मले जुनी छत्री देल्ली." खर्रा एकावर आला. दसऱ्यानंतर माय म्हणाली की बाबांनी आणि मी पोंभुर्ण्याला जाऊन मामाला मंडईचं सांगून यावं. जाण्या-येण्याचं भाडं नव्वद रुपये, एकशे ऐंशी पुडे. मायनं काढलेले चाळीस गेलेले होते. आठवडी खर्चातून जे वाचलं ते धरून मंडईला एकशे पंच्याण्णव राहत होते. मी तसं सांगितलं. माय म्हणाली, "मटन नाई होनार, लाखोळीचे वडे होतीन. जा."

मामा अंगणात दोरी वळत होता. बाबांशी बोलला, माझ्याशी नाही. मी वही उघडून त्याच्यापुढे धरली आणि डावं पान दाखवलं. तो वाचायला लागला. वास्ते, चारोळी, आजीनं दिलेली घोंगडी. मग बहात्तर.

"हे कोनं मोजलं?"

"मी."

"चुकलं." त्यानं कानामागे दोरीचा धागा अडकवला. "मागच्या साली दिन्याले ताप होता. दीड दिवस काई खाल्लं नाई त्यानं. तीन कमी कर."

मी एकोणसत्तर केले. त्यानं मान डोलावली, वही उलटून उजवं पान पाहिलं, आणि ती रेघ मारलेली ओळ त्याच्या बोटाखाली आली. मी म्हटलं, "मामा, ते मी अर्ध्या हिशेबावर लिवलं होतं."

"आता नको खोडू," तो म्हणाला. "आठवडा तर बिघडलाच होता. मले चार भजी कमी खावाले पायजे होती." आजी आतून खो खो हसली. पण येतो म्हणून तो म्हणाला नाही. धान कापणीला आलं होतं, माणसं मिळत नव्हती. बाबांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तो म्हणाला, "पाहू भाऊ कसं जमते ते."

आजही मी गडचिरोलीच्या आमच्या घरात रोजचा खर्च लिहिते. डावीकडे आलेलं, उजवीकडे गेलेलं. पुड्याचा दर आता पुष्कळ वेगळा आहे हे मला माहीत आहे, तरी मनात मी अजून आठ आण्याचाच पुडा धरते आणि विजेचं बिल आलं की एकदा डोळे मिटते. आमच्या ह्यांना वाटतं, ही मला शिस्त आहे. शिस्त नाही, त्या पावसाळ्यात लागलेली चटक आहे.

मंडईच्या आदल्या दिवशी मायनं अंगण दोनदा सारवलं. मी चौदा पाहुण्यांचं सामान धरलं होतं. लाखोळीची डाळ पहाटे पाट्यावर वाटली, वडे तळले, भात शिजवायची दोन मोठी गंजं कौसाबाईकडून आणली, वांगी आणि पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी, आणि तांदळाच्या पिठाचे गुळातले अरसे मोजून साठ. सकाळपासून गावात ढोल आणि भोंगा सुरू होता, नाटकाच्या तिकिटांची घोषणा मधेमधे. मंडईच्या दिवशी आमच्या गावात बायका एकमेकींना एकच विचारतात, तुमच्याकडे किती पाहुणे. ज्या घरी जास्त ते घर मोठं. दुपारपर्यंत आमच्याकडे बाबांच्या मिलमधले दोघं आणि लांबची एक आत्या तिच्या मुलांसह आली. वरणवाला तो म्हातारासुद्धा आला, काठी टेकत, आणि मायनं त्याला पहिल्या पंगतीत बसवून चार वडे वाढले. मी दर पंगतीनंतर आत जाऊन अरसे मोजत होते. तीन वाजेपर्यंत अकरा पाहुणे झाले होते. मूलहून येणारी गाडी वडशाला दोनला लागते, तिथून आमच्या गावापर्यंत पायी तास-दीड तास. साडेतीन झाले. चार झाले. मायनं रस्त्याकडे बघायचं सोडून दिलं आणि दारात उभी राहून पदरानं वारा घ्यायला लागली.

कौसाबाई तिच्या अंगणातून म्हणाली, "सरूबाई, किती झाले वं तुमच्या इथी?"

तीन वर्षांत माय या प्रश्नाला गावात नव्हती. ती सरळ उभी राहिली. "अकरा," ती म्हणाली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि तेवढ्यात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवरून माणसं येताना दिसली. पुढे मामा, डोक्यावर गाठोडं. त्याच्यामागे मामी, आजी, तिचा हात धरलेली मामेबहीण, आणि मागे अजून कुणी कुणी, बहुतेक त्याच्या शेतावर कापणीला आलेली माणसंसुद्धा त्यानं उठवून आणली होती. माय बोटांवर मोजायला लागली, मधेच चुकली, पुन्हा एकपासून लागली, पुन्हा चुकली. डोळे पुसत तिनं आत हाक मारली.

"मंगले, मोज वं लवकर. मले मोजता येऊन नाई राह्यलं."

मी अरशांचं ताट तसंच खाली ठेवलं आणि बारा, तेरा, चौदा असं मोठ्यानं म्हणत बोडीकडे पळत सुटले.